पेशंट बदलता येत नाही

अप्पांना विसरभोळेपणाचं सोंग आणायचं होतं आणि त्यात एकच अडचण होती. त्यांना काही विसरताच येत नसे. उभी हयात पाणीपुरवठा खात्यात गेलेली. शहराच्या पोटातला कुठला व्हॉल्व्ह कुठल्या गल्लीत, कुठल्या झाकणाखाली, आणि तो बंद करायला उजवीकडे फिरवायचा की डावीकडे, हे त्यांना झोपेतून उठवून विचारलं तरी सांगता यायचं. निवृत्तीनंतरही खात्यातली माणसं अडली की फोन करत. अप्पा सांगत, फोन ठेवत आणि म्हणत, "माझ्यावाचून यांचं पाणीसुद्धा हलत नाही." हा विनोद ते वर्षानुवर्षं करत आले होते आणि बाई दर वेळी, नवऱ्याचं मन राखायला हसावं तेवढ्याच हसायच्या. अलीकडे मात्र त्या खळखळून हसायला लागल्या होत्या, पहिल्यांदाच ऐकल्यासारख्या. अप्पांना पहिली शंका आली ती तिथे.

बाई म्हणजे अप्पांची बायको. शाळेत भूगोल शिकवायच्या, म्हणून सगळे त्यांना बाई म्हणत, आणि लोकांचं ऐकून अप्पाही चारचौघांत बाईच म्हणू लागले. फळ्यावर हात न उचलता अख्खा खंड काढायच्या. किनाऱ्याच्या एकेका खाचेसकट. त्या बाई एका दुपारी कोपऱ्यावरच्या शिंप्याकडे गेल्या आणि परत आल्या त्या शिंप्याला सोबत घेऊन. शिंपी दारात घुटमळत म्हणाला, "बाईंना जरा... म्हणजे मी इकडेच येत होतो." बाई म्हणाल्या, "पडद्यांची मापं घ्यायला आणलंय मी त्यांना." बिचाऱ्या शिंप्याने खिशातून टेप काढली आणि घरातल्या सगळ्या खिडक्या मोजल्या. पुढे पडदे शिवून आले. सुंदर होते. जुने पडदेही सुंदरच होते.

अप्पा फॅमिली डॉक्टरांकडे एकटेच गेले. डॉक्टर म्हणाले, "वय झालं अप्पा. काल मी चष्मा कपाळावर ठेवून घरभर शोधला." अप्पा निवांत होऊन घरी आले आणि दोन दिवसांत पुन्हा अस्वस्थ झाले. चष्मा हरवणं वेगळं आणि चष्मा म्हणजे काय हे हरवणं वेगळं, एवढं त्यांनाही कळत होतं. पुन्हा गेले. डॉक्टर म्हणाले, "तुम्ही मोबाइलवर फार वाचता." काही महिन्यांनी तिसऱ्यांदा गेले तेव्हा डॉक्टर जरा वैतागले. "अहो, पेशंटला आणा ना. पेशंटशिवाय मी तपासू काय, तुमची चिंता?"

पेशंटला आणायचं हेच तर अवघड होतं. अप्पांनी एकदा सकाळच्या चहाबरोबर विषय काढला. "अगं, जरा डॉक्टरांकडे जाऊन येऊ या का? तुला हल्ली..."

"मला हल्ली काय?"

"म्हणजे जरा विसरायला..."

"मी विसरते? आणि तुम्ही काय करता मग, उत्तरं तपासता?" बाईंनी कप खाली ठेवला. "सरळ म्हणा ना, वेड लागलंय म्हणून." आणि त्या स्वयंपाकघरात गेल्या. आतून नळाचा आवाज येऊ लागला. भांडी घासतेय, असं दुसऱ्या कुणालाही वाटलं असतं. पण जन्मभर पाण्याचंच काम केलेल्या माणसाला उघड्या नळाखाली कुणाचे हात आहेत की नाहीत, हे नुसत्या आवाजावरून कळतं. हात नव्हते. नळ वाहत होता आणि बाई त्याच्या आडोशाने रडत होत्या.

म्हणून अप्पांनी ठरवलं की पेशंट आपण व्हायचं. बाई सोबत येतील, कारण नवऱ्याला एकट्याला दवाखान्यात पाठवणाऱ्यांतल्या त्या नव्हत्या. डॉक्टरांना आधीच कानात सांगून ठेवायचं. डॉक्टर अप्पांना दोन प्रश्न विचारतील आणि मग सहज वळून म्हणतील, 'आता आलाच आहात तर बाई, तुमचंही बघू या.' बेत चोख होता. परगावी राहणाऱ्या लेकीला त्यांनी फोनवर सांगितला तेव्हा ती आधी हसली. मग म्हणाली, "बाबा, तुम्हाला जमणार नाही. तुम्ही माझ्या वाढदिवसाची भेटवस्तूसुद्धा आदल्या दिवशी सांगून टाकायचात."

बेतातल्या डॉक्टरांना नेमकं त्याच आठवड्यात लग्नाला गावी जावं लागलं. त्यांच्या खुर्चीत एक नव्या डॉक्टरीणबाई बसल्या होत्या. हुशार, तत्पर आणि मन लावून ऐकणाऱ्या. अप्पांच्या दुर्दैवाने इतकं मन लावून ऐकणारं माणूस त्यांना त्या दवाखान्यात पहिल्यांदाच भेटत होतं.

"आजोबा, आज तारीख काय?"

अप्पांना आजोबा हा शब्द लागला. पण सोंग आणलं की संपादून न्यावं लागतं. तारीख फार जवळची चुकवली तर खोटं वाटेल आणि फार लांबची चुकवली तर अतिरेक होईल, असा हिशेब करत ते इतका वेळ गप्प राहिले की त्या गप्प राहण्याचीच नोंद झाली. शेवटी त्यांनी मागच्या महिन्यातली तारीख सांगितली. बाईंनी हळूच त्यांच्या गुडघ्यावर हात ठेवला.

"मॅडम, मला जरा एकट्याने बोलायचं होतं," अप्पा म्हणाले.

"एकट्याने कशाला?" बाई म्हणाल्या. "माझ्यापासून लपवण्यासारखं काय आहे?"

"सोबत कुणी असलेलंच बरं असतं," डॉक्टरीणबाई म्हणाल्या आणि मोठ्या रुग्णालयातल्या मेमरी क्लिनिकसाठी चिठ्ठी लिहायला लागल्या. जी चिठ्ठी बाईंसाठी वर्षभर खेटे घालून मिळाली नव्हती, ती अप्पांना बसल्या बैठकीला मिळाली. वर रक्ताच्या तपासण्या, कानांची तपासणी आणि डोक्याचा फोटो, सगळं अप्पांच्याच नावावर.

दुसऱ्या दिवशी अप्पा एकटे धावत गेले आणि म्हणाले, "मॅडम, मला काही झालेलं नाही. मी काल नाटक करत होतो."

डॉक्टरीणबाई फार मायेने हसल्या. "सुरुवातीला असंच वाटतं आजोबा. मान्य करणं जड जातं. आणि काल काय झालं हे तुम्हाला आठवतंय, हे किती छान आहे!"

यावर बोलण्यासारखं काय उरतं? अप्पांनी घरी येताना विचार केला. चिठ्ठी कुणाच्या का नावाची असेना, त्या क्लिनिकची पायरी तर बाई चढतील. पुढचं पुढे.

क्लिनिकची वेळ मिळायची म्हणजे फोन करायचा, आणि फोन केला की आधी एक ध्वनिमुद्रित बाई आपला लांबलचक नोंदणी क्रमांक सांगा म्हणून आज्ञा करायची. ज्यांची स्मृती गेली अशा माणसांसाठी उघडलेल्या जागेत शिरायला एवढा मोठा आकडा तोंडपाठ हवा, हे ज्याने ठरवलं त्याला अप्पांनी मनातल्या मनात हात जोडले. स्वतः त्यांना तो आकडा एकदा वाचून पाठ झाला होता. त्यांनी तो कागद न बघता घडाघडा म्हटला, तेव्हा पलीकडची मुलगी संशयाने म्हणाली, "पेशंटचे नातेवाईक का?" अप्पा म्हणाले, "पेशंट." तिने आकडा पुन्हा एकदा म्हणायला लावला. मग तिने वेळ दिली, ती पार पुढल्या ऋतूतली.

"मधल्या काळात वाढलं तर?" अप्पांनी विचारलं.

"मग नवी चिठ्ठी आणा," मुलगी म्हणाली.

ते मधले महिने अप्पांना जन्मभर पुरतील. बाईंनी शेजारच्या काकूंना नवऱ्याची हकिगत अगदी कुणाला सांगू नका म्हणून सांगितली, त्यामुळे संध्याकाळपर्यंत ती पूर्ण इमारतीला समजली. जिन्यात भेटणारा प्रत्येक जण अप्पांशी मोठ्याने आणि सावकाश बोलू लागला. विसरणाऱ्या माणसाला ऐकूही कमी येतं, असं लोकांनी आपसांत ठरवून टाकलं असावं. दुसऱ्या मजल्यावरचे दंतवैद्य कोडी सोडवा म्हणाले. काकू म्हणाल्या, डाव्या हाताने जेवा, म्हणजे मेंदूची दुसरी बाजू जागी होते. तळमजल्यावरच्या व्यायामशिक्षकांनी उलटं चालायला सांगितलं आणि नुसतं सांगून न थांबता अप्पांना गच्चीवर नेऊन सोडलं. अप्पा अत्यंत सन्मानाने पाठमोरे चालत असताना काकूंच्या वाळत घातलेल्या चादरीत शिरले, दोरी तुटली आणि दोन चादरी, एक अभ्रा अशा वस्त्रांत लपेटलेले अप्पा खाली बसले. हे सगळं बाईंसाठी चाललंय, असं ते चादरीच्या आत स्वतःला बजावत राहिले. "बघा, तोलही जातोय," काकू हळहळून म्हणाल्या.

यावरही अप्पा काही बोलले नसते. पण एके सकाळी सोसायटीचे सेक्रेटरी आले. बँकेतून निवृत्त झालेले, बोलताना समोरच्याला उगाच खात्री देणारे गृहस्थ. दारातच म्हणाले, "अप्पा, आता तुम्ही आराम करायचा. पंपाच्या खोलीची किल्ली माझ्याकडे द्या."

इमारतीच्या पाण्याचा पंप अप्पा बघत. त्याबद्दल कुणी काही देत नव्हतं आणि अप्पा मागतही नव्हते. सकाळी उठून खाली जायचं, मोटरीचा आवाज ऐकायचा, टाकी भरली की बंद करायचं. निवृत्त माणसाला दिवस सुरू झाला असं वाटायला एखादं कारण लागतं, तेवढंच ते. अप्पांनी किल्ली दिली. देताना ती जुडग्यातून लवकर सुटेना, तेही पुढे लक्षणांत मोजलं गेलं.

त्याच आठवड्यात सेक्रेटरी पंप चालू ठेवून बाजारात गेले. टाकी भरून वाहू लागली. अप्पा खिडकीत बसून पाणी भिंतीवरून उतरताना, अंगणात पसरताना, दंतवैद्यांच्या गाडीखाली जाताना बघत होते. खाली जाऊन बटण बंद करणं त्यांना सहज शक्य होतं, पण खोलीला कुलूप होतं आणि किल्ली बाजारात. दुसऱ्या दिवशी सेक्रेटरी पंप लावायचंच विसरले आणि सगळी इमारत कोरडी बसली. लोक म्हणाले, सेक्रेटरींच्या मागे व्याप किती! विसरणं म्हणजे कधी व्याप असतो, कधी वय आणि कधी आजार. विसरणारा कोण आहे, यावर त्याचं नाव ठरतं. अप्पांनी हे विचारात घेतलं आणि त्यांना स्वतःचीच जरा लाज वाटली. कारण पंपाच्या किल्लीवरून त्यांना एवढं लागत होतं, तर बाई वर्षभर काय गिळत असतील?

आणि बाईंचं काय चाललं होतं? बाई उलट खुलल्या होत्या. आपल्याला कुणी तपासत नाहीय, आपण कुणाला तरी सांभाळतोय, या एका गोष्टीने त्यांच्या चालण्यात जुना डौल आला होता. अप्पांनी मुद्दाम फ्रिजमध्ये ठेवलेला चष्मा त्या शोधून काढत आणि न रागावता पुसून देत. कधीकधी पुसून दुसरीकडेच ठेवत आणि मग तो दोघांनाही सापडत नसे.

एका संध्याकाळी गॅलरीत बसले असताना बाईंनी अप्पांचा हात हातात घेतला.

"घाबरू नका हं. सुरुवातीला फार भीती वाटते. मग युक्त्या जमायला लागतात."

"कसल्या युक्त्या?"

"आता हेच बघा. कुणी समोर आलं आणि नाव सापडेना, तर नावाच्या मागे लागायचंच नाही. 'काय, घरी सगळे बरे ना?' म्हणायचं. घर सगळ्यांना असतं. ते बोलत सुटतात, आपलं निभावतं." बाई वर्गात शिकवत तशा शिकवू लागल्या. "कुणी तारीख विचारेलसं वाटलं तर आधी पेपरावर नजर टाकून ठेवायची. गोष्ट सांगताना मधला धागा सुटला तर हसायचं आणि 'जाऊ दे, लांबण लागेल' म्हणायचं. स्वयंपाकात मीठ घातलं की डबा ओट्यावर आडवा ठेवायचा. आडवा दिसला की घातलंय. आणि रस्त्यात असं झालं ना, की कुठे आलोय तेच कळत नाही, तर धावायचं नाही. जवळच्या दुकानात शिरायचं. दुकानदाराला काहीतरी काम सांगायचं आणि त्यालाच घरी घेऊन यायचं."

अप्पांनी वळून खिडकीकडे पाहिलं. समोर नवे पडदे वाऱ्याने हलत होते.

"तुला हे सगळं कसं माहीत?" शेवटी त्यांनी विचारलं.

बाई रस्त्याकडे बघत होत्या. "अभ्यास न करता वर्गात बसणारी मुलं इतकी वर्षं बघितली की मी," त्या म्हणाल्या. "काय काय करतात बिचारी. दमून जातात."

मग त्या आत दिवा लावायला गेल्या. अप्पा अंधारात बसून राहिले. आपल्याला लागलीय ती नुसती झळ, हे त्यांना त्या संध्याकाळी उमगलं. कुणालाही कळू न देता बाई एकट्याने किती दिवस हा पंप चालवत होत्या!

ठरलेल्या दिवशी दोघं रुग्णालयात गेले. मेमरी क्लिनिक कुठे आहे हे रखवालदाराला ठाऊक नव्हतं. चौकशीच्या खिडकीतल्या माणसाने पूर्वी वर होतं, आता बहुतेक खाली असेल असं सांगितलं. रुग्णालय स्वतःचंच क्लिनिक कुठे ठेवलं ते विसरलं होतं. अखेर हाडांच्या विभागामागच्या बोळात, प्लास्टर बांधलेल्या लोकांच्या रांगेपलीकडे ते सापडलं. दारावरची पाटी पडली होती आणि कुणीतरी ती भिंतीला टेकवून ठेवली होती. आत बाकांवर माणसं बसली होती, दोन-दोनच्या जोड्यांनी. प्रत्येक जोडीतलं एक जण दाराकडे बघत होतं आणि दुसरं पहिल्याकडे. कुणी कुणाशी बोलत नव्हतं.

क्लिनिकच्या डॉक्टर प्रौढ होत्या, कमी बोलणाऱ्या. त्यांनी अप्पांना काही शब्द लक्षात ठेवायला सांगितले, उलटे आकडे मोजायला लावले. अप्पा दमले होते आणि आता त्यांना सोंगही नको झालं होतं. त्यांनी सगळी उत्तरं बरोबर दिली. तरीही बाई शेजारी बसून, परीक्षेत नापास होणाऱ्या लाडक्या मुलाला करावी तशी, ओठांतल्या ओठांत मदत करत होत्या. उत्तरं चुकत होती ती बाईंचीच. डॉक्टरांनी एकदा बाईंकडे पाहिलं, एकदा अप्पांकडे, आणि बाईंना बाहेर जरा बसायला सांगितलं.

दार लागताच अप्पांनी सगळं सांगून टाकलं. शिंपी, पडदे, नळ, सोंग. डॉक्टर शेवटपर्यंत ऐकत राहिल्या.

"तुमचा हेतू कळला मला," त्या म्हणाल्या. "पण बाहेर बाकावर बसलेली माणसं तुम्ही पाहिलीत. तुम्ही घेतलेली वेळ त्यांच्यातल्या कुणाची तरी होती. कुणीतरी आज घरी बसून वाट बघतंय."

अप्पांनी मान खाली घातली. जन्मभर त्यांनी लोकांना रांगेत पाणी भरायला लावलं होतं. रांग मोडणाऱ्याला ते काय काय बोलत, ते सगळं त्यांना शब्दन् शब्द आठवलं.

"आता सोबतच्या माणसाशी बोलायचं असतं, तो आमचा नियमच आहे," डॉक्टर जरा मऊ आवाजात म्हणाल्या. "त्यांना बोलवा."

बाई आल्या. नवऱ्याबद्दलच्या प्रश्नांची उत्तरं त्यांनी फार प्रेमाने दिली, थोडी या वर्षातली, थोडी कुठल्या तरी जुन्या वर्षातली. मग डॉक्टरांनी विचारलं, "घरून इथवर कशा आलात तुम्ही?"

"काढून दाखवते ना," बाई म्हणाल्या आणि कागद पुढे ओढला.

रेघ एकदाही अडखळली नाही. आधी कोपऱ्यात उत्तर दिशेचा बाण, खाली प्रमाण, मग रस्ते, चौक, पूल, मैदान. अप्पा वाकून बघत होते. नकाशा देखणा होता, छापून घ्यावा असा. फक्त तो घरापासून रुग्णालयापर्यंतचा नव्हता. लग्न झाल्यावर दोघं ज्या भाड्याच्या खोलीत राहिले तिथून बाईंच्या शाळेपर्यंतचा होता. ती खोली कधीच पाडली गेली होती. तो पूलही आता नव्हता. त्या पुलाखालून जाणारी मोठी जलवाहिनी अप्पांनी स्वतः उभं राहून टाकून घेतली होती आणि बाईंनी तीसुद्धा तुटक रेघेने दाखवली होती.

"सुंदर आहे," डॉक्टर म्हणाल्या. मग कागद बाजूला ठेवून, "बाई, मला तुमचीही तपासणी करावीशी वाटते. तुमची हरकत नसेल तर."

बाईंनी पेन खाली ठेवलं. त्यांनी अप्पांकडे पाहिलं आणि अप्पांना त्यांच्या नजरेला नजर देता आली नाही. इतकी वर्षं वर्गातली नाटकं पकडलेल्या बाईला एवढं पुरेसं होतं.

"म्हणजे तुम्हाला काहीच झालेलं नाही?"

"नाही गं."

"आणि मी रोज रात्री तुमच्यासाठी रडत होते," बाई म्हणाल्या. आवाज चढला नाही. चढला असता तर बरं झालं असतं.

डॉक्टरांनी नवी चिठ्ठी स्वतः लिहिली. ती घेऊन अप्पा खिडकीशी गेले. आजच्या आज बाईंना बघता येईल का, मीच उठून माझी जागा देतो, असं त्यांनी विचारलं. खिडकीत फोनवरच्याच आवाजाची ती मुलगी होती; ती म्हणाली, "पेशंट बदलता येत नाही. पत्ता बदलता येतो. फोन नंबर बदलता येतो. नावात चूक असेल तर दुरुस्त करता येते."

"मग नावात चूक आहे असं समजा."

"काका, वयसुद्धा वेगळं आहे. कॉम्प्युटर घेत नाही." मग तिने अप्पांच्या मागे उभ्या असलेल्या बाईंकडे पाहिलं आणि आवाज खाली आणला. "रोज सकाळी फोन करा. कुणाची वेळ रद्द झाली तर मी घालते. कंटाळू नका पण."

घरी आल्यावर बाई अप्पांशी बोलेनात. लागलंच तर काकूंमार्फत बोलत. काकू दारात उभ्या राहून, "त्या विचारतायत, चहा हवा का?" म्हणून विचारत आणि अप्पा, "त्यांना सांगा, त्या घेणार असतील तर," असं कळवत. अप्पा रोज सकाळी फोन लावत, आवाज दबका ठेवून. वेळ रद्द झालेली नसे. माणसं वाट बघून बघून मिळालेली वेळ सोडत नाहीत, हे अप्पांना आता नीट समजत होतं, आणि त्यांना राग येत नसे.

एका सकाळी ते फोन ठेवून वळले तर मागे बाई उभ्या होत्या.

"लागला का फोन?"

"लागला. आज नाही कुणी."

बाई खुर्चीत बसल्या. "मी विचार करत होते. तुम्हाला झालंय म्हटल्यावर मी तुम्हाला कमी लेखलं का हो? जरासुद्धा? उलट जास्तच जीव लावला. मग मला झालं तर तुम्ही मला कमी लेखाल, हे मी कशावरून धरून बसले?"

अप्पांनी खुर्ची जवळ ओढली.

"उद्यापासून फोन मी करणार," बाई म्हणाल्या. "आकडा मला कागदावर मोठा लिहून द्या. आणि चला माझ्याबरोबर."

त्या तशाच जिना उतरून सेक्रेटरींच्या दारात गेल्या. सेक्रेटरी बाहेर आले, काकू वरून डोकावल्या, दंतवैद्य निघता निघता थांबले.

"विसरते ती मी," बाई वर्गातल्या शेवटच्या बाकापर्यंत जाईल अशा आवाजात म्हणाल्या. "हे नाहीत. मला लाज वाटत होती म्हणून यांनी स्वतःची लाज काढून घेतली. आता मला वाटत नाही. यांची किल्ली यांना द्या. आणि मला रस्त्यात एकटी पाहिलंत तर गप्पा मारू नका, घरी आणून सोडा."

कुणी सल्ला दिला नाही. त्या इमारतीत असं पहिल्यांदाच घडत होतं. सेक्रेटरींनी आत जाऊन किल्ली आणली आणि देताना ते हळूच अप्पांना म्हणाले, "आमच्या थोरल्या भावाचंही असंच होतंय बहुतेक. कुठे दाखवायचं म्हणालात?"

वेळ मिळाली ती अचानक. सकाळी फोन, दुपारी या. तपासण्या झाल्या, डोक्याचा फोटो झाला, दोनदा बोलावलं. निदान सांगायच्या दिवशी लेक रजा काढून आली होती. डॉक्टर तिच्याकडे आणि अप्पांकडे बघून बोलायला लागल्या, तेव्हा बाई म्हणाल्या, "निकाल पालकांना नको. माझा आहे, मला सांगा."

डॉक्टरांनी खुर्ची वळवली आणि बाईंना सांगितलं. आजाराचं नाव सांगितलं. तो बरा होत नाही हे सांगितलं. औषधाने काय होईल आणि काय होणार नाही, हेही. शेवटी म्हणाल्या, "पण तुम्ही लवकर आलात. अजून बऱ्याच गोष्टी तुमच्या तुम्हाला ठरवता येतील."

लवकर! अप्पांच्या डोळ्यांपुढून तो सगळा काळ सरकला, कपाळावरच्या चष्म्यापासून बोळातल्या पडलेल्या पाटीपर्यंतचा. एवढं सगळं होऊन हे जर लवकर, तर उशिरा येणारे कुठे असतात? बाकांवर बसलेल्यांत, की जे अजून घरातच आहेत त्यांत? लेक खिडकीबाहेर बघत डोळे पुसत होती.

बाई एवढंच म्हणाल्या, "मग एक ठरवते. आयुष्यभर मी मुलांना नदीचा त्रिभुज प्रदेश शिकवला. फळ्यावर शंभरदा काढला. डोळ्यांनी कधी पाहिला नाही. मला समजतोय तोवर बघायचाय."

औषधं सुरू झाली आणि थंडी ओसरल्यावर ते गेले. नदी जिथे समुद्राला मिळते तिथे एका उंचवट्यावर अप्पांनी घडीची खुर्ची मांडली. समोर नदीच्या वाटा फुटल्या होत्या, मध्ये गाळाची हिरवी बेटं, पलीकडे पाणी आणि आभाळ एक झालेलं. बाई बसल्या नाहीत. उभ्या राहिल्या, पदर खोचला आणि हात लांब करून सांगू लागल्या. नदी डोंगरातून काय काय घेऊन निघते, उतार संपला की तिचा वेग कसा मंदावतो, मग तिला ते ओझं वाहवत नाही, ती ते खाली ठेवते, त्यातूनच नवी जमीन होते आणि तिला स्वतःलाच वाटा फोडून पुढे जावं लागतं. एक शब्द चुकला नाही. लेक खाली वाळूवर बसून ऐकत होती. अप्पा ऐकत होते. पाण्याबद्दल आपल्याला सगळं ठाऊक आहे, असं समजून आयुष्य काढलेला तो माणूस तोंड उघडं टाकून ऐकत होता.

"समजलं?" बाईंनी विचारलं.

"समजलं."

बाई पाण्याकडे बघत राहिल्या. वारा होता. थोड्या वेळाने त्यांनी पुन्हा हात लांब केला, चेहऱ्यावर तोच उत्साह, आणि म्हणाल्या, "हे बघा, ही नदी आहे ना, ती डोंगरातून येताना..."

लेकीने चमकून वर पाहिलं. अप्पांनी तिला मानेनेच 'असू दे' म्हणून सांगितलं, खुर्ची जरा पुढे सरकवली आणि विचारलं, "काय काय घेऊन येते गं?"